पाच पट्टे, सहा पट्टे

त्याला आम्ही आणलंच नव्हतं.
आणला होता दगड,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
बाहेर उणे एकतीस, म्हणून नेस्टरने तो
कोटाच्या आत, पोटाशी धरून आणला,
खुडूक कोंबडीसारखा.

तिसऱ्या रात्री दगडाला डोळे फुटले.

सास्काटूनहून समुद्र गाठायचा
तर कुठल्याही दिशेने निघा,
आधी गहू संपायला हवा.
आणि इथे स्वयंपाकघरात, टोस्टरशेजारी,
चाळीस लिटर खाऱ्या पाण्यात
बोटाच्या पेराएवढा एक जीव
काचेला पोट लावून बसलेला.
बोलावलं कुणी नव्हतं, याची त्याला
जराही लाज नव्हती.

दुकानातला डायोनिसियो म्हणाला, फोटो पाठीचा नको, पोटाचा काढा.
पाठीवर एकच लांब पर, डोक्यावर झिपऱ्या, तर ब्लेनी.
दोन पर, आणि पोटाखालचे जुळून वाटी झालेली, तर गोबी.
मी भिंग लावलं.
वाटी होती,
शर्टाच्या बटणाहून लहान, काचेला घट्ट.

पण गोबी कुठली?
त्यांच्यात शेकड्यांनी जाती.
"पट्टे मोजा," तो म्हणाला. "आमच्या दुमागेतेला
याला काही म्हणत नसत.
ज्याचं कालवण होत नाही
त्याला नाव ठेवायला वेळ कुणाला?"

मी बेकरीतून पहाटे पाचला सुटते.
हात कोपरापर्यंत धुते, नुसत्या पाण्याने,
यीस्टचा वास तरीही राहतो.
खारेपणा बघते: एक पूर्णांक शून्य पंचवीस.
उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं,
मीठ उडून जात नाही,
हे नेस्टरला चारदा सांगून झालं.
मग कोळंबीची नुकती फुटलेली पिल्लं
बारीक नळीने, थेंबाथेंबाने, त्याच्या तोंडापुढे.
वर जाळी, कारण दचकला की उडी मारतो म्हणे,
आणि सकाळी फरशीवर सापडतो, वाळलेल्या सालीसारखा.
शेवटी वहीत लिहिते:
पट्टे पाच. शेपटीशी ठिपका.

संध्याकाळी मी झोपेत असते तेव्हा
नेस्टर बर्फाची गाडी यार्डात लावून येतो.
त्याच वहीत, माझ्या ओळीखाली:
पट्टे सहा. ठिपका कसला?

चष्मा बदल, मी लिहिलं.
तू पाव मोजत जा, त्याने लिहिलं.
अकरा वर्षं आमच्या पाळ्या अशाच,
दारात एकाचे बूट चढतात, दुसऱ्याचे उतरतात.
इतकं बोलणं बरेच दिवसांत झालं नव्हतं.

फेब्रुवारीत एका रात्री वीज गेली.
उणे अडतीस. बेकरी अंधारात, म्हणून मी घरी.
पंप थांबला आणि
तो एवढा आवाज करत होता, हे तेव्हा कळलं.
टाकीभोवती गोधड्या. कडेला
गरम पाण्याच्या बाटल्या, गॅसवर भरून आणलेल्या.
आणि हवेसाठी, पाळीपाळीने, तासन्‌तास,
पेल्याने पाणी उचलायचं, वरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं.

तीनच्या सुमारास टॉर्चच्या उजेडात
नळीच्या तुकड्यातून तो बाहेर आला.
पाच पट्टे. ठिपका.
"बघ!" मी म्हणणार होते,
तेवढ्यात त्याच्यामागून, सावकाश,
सहा.

नेस्टरचा हात हवेत थांबला.
"थांबू नकोस," मी म्हटलं.

नळीच्या आत, छताला,
खसखशीएवढी अंडी चिकटलेली,
प्रत्येकात दोन काळे टिंब.
सहा पट्टेवाला परत आत गेला
आणि परांनी त्यांना वारा घालत राहिला,
बाहेर कोण काय मोजतंय
याच्याशी देणंघेणं नसल्यासारखा.

आम्ही बोललो नाही. पेला चालू होता.

साडेपाचला दिवे आले, फ्रीज खोकला, पंप लागला.
आधीच्या ओळी कुणीच खोडल्या नाहीत.
जातीपुढची जागा अजून कोरी आहे.
त्या रात्रीच्या तारखेखाली
नेस्टरच्या अक्षरात एवढंच:
पेल्याचा कान तुटला. नवा आणणे.